बोलायला काढलेल्या सहली

रिहे गावातली खोली मला दोनदा दाखवण्यात आली. आधी घरमालक तात्यांनी दाखवली. मागच्या अंगणात उघडणारं स्वतंत्र दार, पाण्याची टाकी, खिडकीतून दिसणारी भाताची खाचरं, सगळं नीट समजावून ते दारात जाऊन उभे राहिले. मग काकू आल्या आणि त्यांनी तेच दार, तीच टाकी आणि तीच खाचरं पहिल्यापासून दाखवायला सुरुवात केली. मी म्हटलं, "हे आत्ताच तात्यांनी सांगितलं."

"सांगितलं असंल. मला काय म्हाईत?" असं म्हणून काकू तात्यांच्या बाजूने वाट काढत निघून गेल्या.

लवळ्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मला नुकतीच नोकरी लागली होती. कॅम्पसजवळ खोल्या होत्या, पण दिवसभर विद्यार्थ्यांना "हळू बोला" सांगून घरी आल्यावर पुन्हा तेच विद्यार्थी वरच्या मजल्यावर नाचताना ऐकायचे, हे मला झेपणारं नव्हतं. म्हणून रिह्याला, शांत जागी आले. घर इतकं शांत निघेल असं मात्र वाटलं नव्हतं.

किसनतात्या तेव्हा सत्तरीचे. उंच, किडकिडीत. पांढरा शर्ट कायम इस्त्रीचा आणि खिशाला दोन पेनं. गावच्या दूध संस्थेचे ते बरीच वर्षं सचिव होते, आणि सचिवपद गेलं तरी सचिव गेला नव्हता. इंदूकाकू ठेंगण्या, गोल चेहऱ्याच्या, गुडघ्यांवर हात दाबून उठणाऱ्या. मुलगा महेश पिकअपमधून लवळ्याच्या कँटीनना भाजी पोचवायचा. त्याची बायको अश्विनी घर आणि गोठा बघायची. मुलगी सविता तळेगावला दिलेली. एवढीच माणसं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणात दात घासत होते. काकू चुलीपाशी, तात्या ओट्यावर, मध्ये दोन हातांचं अंतर. काकू मला म्हणाल्या, "म्याडम, त्यांना म्हणावं चहा निवतोय."

तोंडात फेस असताना मी म्हणाले, "तात्या, चहा निवतोय."

"आलो म्हणावं."

"आले म्हणतायत."

आठवडाभर मी हे पोस्टाचं काम केलं. शेवटी न राहवून अश्विनीला विचारलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ते घरात बोलत न्हाईत एकमेकांशी. मी लग्न होऊन आले तवापासून बघतेय. पयल्यांदा मला वाटलं, माझ्यामुळंच काय झालं का काय."

मग तिने सांगितलं. वीस-बावीस वर्षांपूर्वी तात्यांनी ओढ्याकाठचं खाचर एका शहरातल्या माणसाला फार्महाऊससाठी विकलं. काकूंना न विचारता. घरातलं सगळ्यात चांगलं भात त्या खाचरात यायचं, आणि लग्न होऊन आल्यापासून तिथली लावणी काकूंच्या हातची असायची. काकूंना कळलं ते मोजणीवाले आल्यावर. त्या खाचरातून चिखलाच्या पायांनी घरी आल्या, अंगणाच्या मधोमध उभ्या राहिल्या आणि सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तुमच्या जागेत उभी राहून ह्यापुढं तुमच्याशी एक शब्द बोलणार न्हाई."

आणि बोलल्या नाहीत.

तात्यांनी शपथ घेतली नव्हती. ते बोलू शकत होते. पण पुढे एकदा मी त्यांना तसं म्हटलं तेव्हा ते दुखावले. "आसं कसं म्याडम? ती जाब देणार न्हाई आन मी बोलत बसायचं? मी काय रेडिओ हाय का?"

पहिले तीन आठवडे घरात शब्द नव्हता. मग तळेगावकडे कुणाचं तरी लग्न निघालं. दोघं एसटीत बसली. ओढ्यावरची मोरी ओलांडली, तात्यांची शेवटची जमीन मागे पडली, आणि काकूंनी तोंड उघडलं. ते लग्नाच्या मांडवापर्यंत बंद केलं नाही. त्यात शिव्या होत्या, रडणं होतं, शेजारच्या म्हशीची बातमी होती, महेशच्या शाळेचं होतं. परतीच्या एसटीतही चालू होतं. मोरी आली आणि काकू वाक्याच्या मधेच थांबल्या.

"वाक्य आसं व्हतं," तात्या मला सांगत, "की, 'मी तुमाला एक डाव माफ बी केलं आसतं, पण...' आन मोरी आली. ते 'पण'च्या पुढचं ऐकायला मला पुढच्या ऐतवारी तिला परत न्यावं लागलं."

'पण'च्या पुढे काय होतं ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पण सहली सुरू झाल्या त्या तिथून.

मी गेले तोवर त्या सहलींना पक्की घडी बसली होती. विषय जेवढा मोठा, तेवढं लांब जायचं. लोणच्याला कैऱ्या किती आणायच्या असल्या बाबींसाठी मोरीवरच बसायचे, नेमके त्या विकलेल्या खाचराच्या कुंपणाशी. खाचरात आता हिरवळ आणि एक पांढरं कारंजं होतं. फार्महाऊसवाले महिनामहिना यायचे नाहीत. काकू कुंपणाला पाठ लावून बसायच्या, म्हणजे कारंजं दिसायला नको. गोठ्याचे पत्रे बदलण्यासाठी मुळशी धरण. सविताच्या लग्नासाठी कोल्हापूर, तीन दिवस. महेशने शेती सोडून गाडी घेतो म्हटलं तेव्हा तर दोघं कन्याकुमारीला गेली. गावात बोभाटा झाला की किसनतात्याच्या घरात वाटण्या होणार, कारण त्याआधी ती कोल्हापूरच्या पुढे गेलेली कुणाला आठवत नव्हती. नऊ दिवसांनी परत आली. महेश दारातच उभा. काकूंनी त्याच्या हातात शंखांची माळ दिली आणि म्हणाल्या, "घे गाडी."

तात्यांकडे एक लांबोळी वही असायची. तिच्यात प्रत्येक सहलीची विषयपत्रिका. विषय क्रमांक एक नेहमी ठरलेला: मागील सहलीचे इतिवृत्त वाचून कायम करणे. ते स्वच्छ आवाजात वाचायचे आणि काकू "कायम" म्हणायच्या. शेवटचा विषय: मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय. अध्यक्ष कायम काकू. मधले विषय आठवडाभर साचत. तात्या शेतातून येता येता मधेच थांबायचे, खिशातलं पेन काढून काहीतरी टिपायचे. एकदा मी वहीत डोकावले. युरिया, सविताचा फोन, पंप, आणि त्याखाली नुसतं लिहिलेलं: बगळा.

"हे काय?"

"काल एक बगळा रेड्याच्या पाठीवर बसला व्हता आन रेडा पाण्यात बसला. बगळ्याचं तोंड बघायला पायजे व्हतं." ते हसले. "तिला सांगायचंय. ऐतवारी."

तो दिवस मंगळवार होता. पाच दिवस त्यांनी तो बगळा सांभाळला.

मुळशीच्या एका सहलीला मला जावं लागलं, कारण तात्यांचा चष्मा म्हशीने तुडवला होता आणि इतिवृत्त लिहायला कुणी नव्हतं. विषय गंभीर होता. काकूंचे गुडघे पार गेले होते आणि डॉक्टरांनी उजव्याचं ऑपरेशन सांगितलं होतं. धरणाच्या पाण्याकाठी, झाडाखाली आम्ही सतरंजी अंथरली. अश्विनीने दिलेला डबा उघडला. इतिवृत्त कायम झालं. तात्यांनी विषय मांडला आणि काकूंनी लगेच तो फेटाळला.

"मी कापून घेणार न्हाई."

"का पण?"

"आत लोखंड बशिवत्यात म्हणं. मला मढं म्हणून जाळलं तर ते तसंच ऱ्हाईल चितेत. लोकं काय म्हणतील?"

तात्या यावर गंभीरपणे विचार करत होते. तेवढ्यात पाठीमागून शिट्टी वाजली. पलीकडच्या रिसॉर्टचा सुरक्षारक्षक धावत आला. "यहाँ बैठना मना है, चाचा. प्राइवेट प्रॉपर्टी है."

तात्या उठून उभे राहिले. चेहरा उजळलेला. "कुणाची?"

"सेठ की."

"माझी न्हाई ना?"

रक्षक गोंधळला. "आपकी कैसे होगी?"

"तेच तर पायजे!" तात्यांनी त्याचा हात धरून हलवला. "दुसऱ्याचीच पायजे आमाला!"

त्याला वाटलं थट्टा चाललीय. मग मी माझ्या मोडक्या हिंदीत सगळं समजावलं: हे नवरा-बायको आहेत, ह्यांच्या घरात ह्यांना बोलता येत नाही, म्हणून दुसऱ्याच्या जागेत येतात, आणि आत्ता गुडघ्याचं चाललंय. त्याने टोपी काढली, सतरंजीच्या कोपऱ्यावर बसला आणि म्हणाला, "मेरी माँ का भी हुआ है. दोनों घुटने."

काकूंनी त्याच्यापुढे भाकरी-पिठलं सरकवलं. "चालती का आता?"

"दौड़ती है. मारने को."

तात्यांनी त्याला निमंत्रित सदस्य करून घेतलं. मला तसं लिहायला लावलं. त्याने आईला गावाकडे फोन लावला, आणि काकूंना तिच्या भाषेतलं एक अक्षर कळत नसताना दोघी पाव तास गुडघ्यांवर बोलल्या. फोन ठेवून काकू म्हणाल्या, "लिवा म्याडम. कापायचं."

"आन ते लोखंड?" तात्यांनी विचारलं.

"ती म्हणली, स्टील आसतं. स्टीलचं चालंल."

ऑपरेशन पुण्यातल्या एका दवाखान्यात झालं आणि चांगलं झालं. दवाखाना अर्थातच तात्यांच्या जागेत नव्हता. दोघं कन्याकुमारीनंतर पहिल्यांदाच सलग पाच दिवस एका खोलीत, एकमेकांशी बोलायची पूर्ण मोकळीक असलेली. तात्यांनी विषयपत्रिका केलीच नव्हती. गरजच नव्हती. मी भेटायला गेले तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाई मला हळूच म्हणाल्या, "ह्यांचं नुकतंच लग्न झालंय का हो?" आणि मग, "मला दुसरी खोली मिळते का बघाल?"

पाचव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "उद्या घरी न्या."

तात्या म्हणाले, "अजून दोन दिवस ठिवा."

"काही त्रास आहे का?"

"तरास न्हाई. बोलायचं ऱ्हायलंय."

डॉक्टरांनी काय समजायचं ते समजून सोडण्याच्या कागदावर सही केली.

परतताना काकू पिकअपमध्ये, गादीवर. मोरीच्या अलीकडे त्यांनी महेशला गाडी थांबवायला लावली. अर्धा तास गाडी रस्त्यात उभी. मागे दोन टेंपो आणि एक लग्नाची गाडी हॉर्न वाजवत होती. महेश खाली उतरून सगळ्यांची माफी मागत होता. मग काकू म्हणाल्या, "चल," आणि गाडीने मोरी ओलांडली.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, सहा आठवडे घराबाहेर काढायचं नाही. गाडीत तर मुळीच नाही. खरा प्रश्न तिथे सुरू झाला.

पहिला आठवडा कसाबसा गेला. तात्या सकाळी काकूंच्या खाटेशी येऊन उभे राहायचे, बघायचे, जायचे. वहीत विषय वाढत चालले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी माझ्या दारावर टकटक केली. हातात आमचा भाडेकरार.

"म्याडम, ही खोली तुमच्याकडं हाय. म्हंजे आत्ता ही जागा तुमची. हितं तिची खाट आणली तर?"

मला कल्पना आवडली. मी करार वाचायला घेतला. कलम सातपर्यंत सगळं आमच्या बाजूचं होतं. आठव्यात लिहिलं होतं: सदर जागेची मालकी सर्वस्वी घरमालकाकडेच राहील.

तात्यांनी ते तीनदा वाचायला लावलं. "कुणी लिवलं हे?"

"तुम्हीच. अक्षर तुमचं आहे."

पुढच्या रविवारी अश्विनीने डोकं चालवलं. सगळ्यांसमोर काकूंना म्हणाली, "आई, तुमी काय म्हणला व्हता? जागेत उभी राहून बोलणार न्हाई. आता तुमी उभ्या कुटं हायेत? झोपून हायेत."

तात्या पुढे झुकले. महेशने टीव्हीचा आवाज बंद केला. काकूंनी खूप विचार केला, डोळे मिटले, आणि मान नकारार्थी हलवली. मग मला म्हणाल्या, "तिला म्हणावं, वकिली करू नको."

महेश म्हणाला, पिकअप अंगणात आणतो, तिच्यात गादी टाकतो. गाडी माझ्या नावावर आहे. काकूंनी बोटाने खाली दाखवलं. टायर तात्यांच्या जागेवर होते.

आम्ही हे सगळं हसण्यावारी नेत होतो. मीसुद्धा. लवळ्याला गेल्यावर सहकाऱ्यांना रंगवून सांगायचे, डबा खाताना. त्याची मला पुढे लाज वाटली.

चौथ्या आठवड्यातल्या एका सकाळी अश्विनी मला हाक मारत आली. काकूंचं अंग तापलं होतं. गुडघा लाल, सुजून तटतटलेला. विचारलं तर "काय न्हाई, काय न्हाई." तात्यांनी हात लावून बघितला आणि एक शब्द न बोलता पिकअपची चावी महेशच्या अंगावर फेकली. काकूंना उचलून गादीवर ठेवलं. तात्या त्यांच्या उशाशी. पाय धरायला मी मागे बसले.

गाडी शेताकडेने चालली होती. काकूंचे ओठ पांढरे पडलेले, दात आवळलेले. तात्या त्यांच्याकडे बघत होते आणि रस्त्याकडे बघत होते. मोरीवर चाकं चढली, उतरली, आणि काकू म्हणाल्या, "परवापासनं ठणकतुया."

"परवापासनं?" तात्यांचा आवाज फुटला. "आन आज सांगतीस? म्याडमना सांगायचं. अश्विनीला सांगायचं!"

"तिला काय सांगायचं?" काकूंच्या डोळ्यांतून पाणी आलं. "लई दुखतंय, भ्या वाटतंय, आसलं लोकांना सांगत्यात व्हय? ते तुमालाच सांगायचं. तुमची जागा व्हती. काय करू?"

तात्यांनी तोंड दुसरीकडे वळवलं. पांढऱ्या शर्टाच्या बाहीने पुसत राहिले. घोटवडे फाट्यापर्यंत पुसतच होते. काकू मात्र एकदा बोलायला लागल्या त्या थांबल्या नाहीत. तापात, कण्हत, मधेमधे दम घेत, त्यांनी तीन आठवड्यांचं सगळं सांगून टाकलं. अश्विनी आमटीत मीठ जास्त टाकते, हेसुद्धा.

जखमेत पू झाला होता. वेळेवर आणलं म्हणून पाय वाचला, असं डॉक्टर म्हणाले. अजून एक दिवस गेला असता तर काही सांगता आलं नसतं. पुन्हा टेबलावर घेतलं, साफ केलं. दहा दिवस दवाखान्यात.

त्या दहांतल्या एका दिवशी तात्या माझ्याकडे आले. "म्याडम, उद्या रजा टाका. पौडला, रजिस्ट्रार कचेरीत यायचंय. साक्षीदार पायजे."

महेश आणि मी साक्षीदार. तात्यांनी राहतं घर, अंगण, गोठा आणि घराभोवतीची मोरीपर्यंतची सगळी जमीन इंदूकाकूंच्या नावाने बक्षीसपत्र करून दिली. दस्त लिहिणाऱ्याने विचारलं, "देण्याचं कारण काय लिहू?" बक्षीसपत्रात प्रेमापोटी असं लिहायची रीत आहे. तात्या म्हणाले, "लिवा, बोलण्यासाठी." तो हसला आणि त्याने रीतीप्रमाणेच लिहिलं. तात्यांना ते फारसं पटलं नाही.

काकू घरी आल्या त्या दिवशी तात्यांनी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला. काकूंची शाळा चौथीपर्यंत झालेली. त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवत चारही पानं वाचली. आम्ही सगळे भिंतीला टेकून उभे. वाचून झाल्यावर त्यांनी कागदाची घडी घातली आणि बावीस वर्षांनी त्या घरात तात्यांकडे बघून म्हणाल्या, "ही मोरीपर्यंतची सगळी? मला न इचारता?"

"परत इचारलं न्हाई," तात्या घाबरून म्हणाले. "चुकलंच."

मग जे सुरू झालं ते चार दिवस चाललं. बावीस वर्षांत घरात घडलेलं आणि घरातच बोलायचं राहिलेलं सगळं बाहेर आलं. अमुक साली दाराची कडी उलटी का बसवली. पाहुणे आले तेव्हा डोळ्यांनी खुणावत होते ते कळलं कसं नाही. जेवताना भांडण, दूध काढताना भांडण. अश्विनी कानात बोळे घालून माझ्या खोलीत येऊन बसली. "म्याडम, आदीचंच बरं व्हतं."

पाचव्या दिवशी सकाळी घर पुन्हा गप्प. मला वाटलं, थकली. तात्या ओट्यावर बसून शर्टाची बटणं लावत होते, आणि चेहऱ्यावर काहीतरी मिळाल्यासारखं हसू. काकू वॉकर टेकत माझ्याजवळ आल्या.

"म्याडम, त्यांना म्हणावं, आता ही जागा माझी हाय. माझ्या जागेत त्यांनी माझ्याशी बोलायचं न्हाई. काय बोलायचं ते भायेर."

मला हसावं की काय करावं कळेना. "अहो काकू, एवढं सगळं केलं ते कशासाठी?"

काकूंनी आवाज उतरवला. "आवं, घरात बोलायला लागले तर हे मला कुटं नेतील? शेजारच्या बायकांचे नवरे घरात बोलत्यात. काय बोलत्यात? टॉवेल कुटाय, मीठ दे. ह्यांनी मला कन्याकुमारी दावली. तीन समुद्र." मग म्हणाल्या, "आजाराचं तेवढं घरात बोलायचं. ते ठरलंय आमचं. बाकी सगळं भायेर."

पुढे दोन वर्षं मी तिथे होते. सहली चालू राहिल्या. काकू आता भराभरा चालायच्या, दुसरा गुडघाही करून घेतला. मग मला सोलापूरला नोकरी मिळाली आणि मी रिहे सोडलं.

त्यानंतर एकदाच दोघांना पाहिलं. कामासाठी पुण्याला आले होते, रविवार मोकळा होता, मैत्रिणीबरोबर मुळशीला गेले. धरणावर गर्दी. गाड्या, कणसांच्या हातगाड्या, सेल्फी काढणारी पोरं. त्या गर्दीत मला काकूंचा आवाज ऐकू आला. ऐकू आला म्हणजे सगळ्यांनाच येत होता. तात्यांना ऐकू येईनासं झालं होतं, आणि काकू त्यांच्या कानाशी तोंड नेऊन जीव खाऊन ओरडत होत्या. दोघं प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, पाण्याकडे तोंड करून बसलेली. तात्यांचा शर्ट तसाच पांढरा.

मी जवळ जाऊन हाक मारणार होते, पण काकू काय ओरडतायत ते कळलं आणि पाय थांबले.

"मी म्हणते, आपल्यात आदी कोन जाणार?"

"आँ?"

"आदी कोन जाणार? तुमी का मी?"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. कणीस भाजणारी बाई पंखा हलवायची थांबली.

तात्यांनी कानावर हात धरला. "जाणार? कुटं जाणार?"

काकूंनी हाताने वर आभाळाकडे दाखवलं. तात्यांनी वर बघितलं. मग त्यांचा चेहरा खुलला. "इमानानं?"

"मराण म्हणते मी! मराण!"

"आगं मग एकटं कशाला?" तात्या खुर्चीत सरसावून बसले. "इमानानं जायचं तर दोगंबी जाऊ की. एकट्याला कुटं जमणार हाय?"

काकूंनी परत ओरडायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मग "बरं," म्हणाल्या, हळू आवाजात, जो तात्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं. कणीसवालीला त्यांनी हाक मारली, भाजलेलं एक कणीस घेतलं आणि अंगठ्याने दाणे सोलून तात्यांच्या तळहातावर ठेवायला लागल्या. तात्या एकेक दाणा तोंडात टाकत होते आणि विमानात खिडकीशी कुणी बसायचं ते सांगत होते.